किडनीचं साटंलोटं

सेकंड इयरला 'डिस्क्रीट मॅथ्स' नावाचा एक विषय असतो. त्यात ज्यांना डिस्टिंक्शन मिळालं त्यांना आणि ज्यांची केटी लागली त्यांनाही एक गोष्ट सारखीच आठवते. ग्राफ! म्हणजे फळ्यावर काढलेले ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. "सर, ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न दरवर्षी मागच्या बाकावरून येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं, "नेटवर्किंग, नकाशे आणि परीक्षेत आठ मार्क." मित्रहो, या यादीत मला आणखी एका उपयोगाची भर घालायची आहे. आमच्या घरात गेली दोन वर्षं त्याच एका उपयोगाकडे सगळे डोळे लावून बसले आहेत.

आमचं गाव धरमतर खाडीच्या काठावर. पेणहून अलिबागला जाताना वडखळ नाका मागे पडला की धरमतरचा पूल लागतो. खाली अंबा नदी खाडी होऊन पसरलेली, पाण्यात माल घेऊन आलेले बार्ज आणि एका बाजूला डोलवीच्या कारखान्याची धुराडी. काकांची खारभूमीत थोडी भातशेती आहे आणि जोडीला कंत्राटी नोकरी होती. 'होती' म्हणायचं कारण, दोन वर्षांपूर्वी पायाला सूज आली म्हणून डॉक्टरकडे गेले आणि दोन्ही किडन्या गेल्याचं निदान घेऊन आले. शुगर आणि बीपी, दोन्ही वर्षानुवर्षं अंगात मुरलेले. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे कळलंही नाही.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. दर वेळी चार तास मशीनवर, शिवाय जायचं-यायचं. हायवेला ट्रॅफिक असेल तर अख्खा दिवस गेला! डाव्या हाताला फिस्टुला केलाय. शीर आणि रोहिणी जोडून केलेली ती गाठ. त्यावर बोट ठेवलं की व्हायब्रेटवर ठेवलेल्या मोबाइलसारखी थरथर लागते. ती थरथर चालू आहे ना, हे काकी रोज सकाळी बोट लावून बघते. पाणी मोजून प्यायचं. मिठागरांच्या मुलखात राहून मीठ जवळजवळ बंद. शहाळं बंद, कारण त्यात पोटॅशियम. पोपटीच्या दिवसांत सगळे शेतावर मडकं लावून बसतात तेव्हा काका चार दाणे तोंडात टाकतात आणि उरलेला वेळ जाळाकडे बघत बसतात.

डायलिसिस माणसाला जगवतं, पण किडनीचं सगळं काम ते करू शकत नाही. खरा उपाय प्रत्यारोपण. मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीसाठी काकांचं नाव यादीत आहे, पण ती यादी लांब आहे. दुसरा रस्ता म्हणजे घरातल्याच कुणीतरी एक किडनी द्यायची. निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगू शकतो. काकीने क्षणाचाही विचार केला नाही. "माजी घ्या," एवढंच म्हणाली.

पण काकांचा रक्तगट 'बी' आणि काकीचा 'ए'. झालं!

आता थोडं जीवशास्त्र, बारावीनंतर सुटलेलं. 'ओ' गटाची किडनी कुणालाही चालते. 'ए' गटाची 'ए' आणि 'एबी'ला. 'बी'ची 'बी' आणि 'एबी'ला. 'एबी'ची फक्त 'एबी'ला. 'ए'ची किडनी 'बी'च्या शरीरात सरळ बसवली, तर रक्तातल्या अँटिबॉडी तिच्यावर लगेच तुटून पडतात. आधी रक्तातून त्या अँटिबॉडी काढून गट न जुळताही प्रत्यारोपण करता येतं, पण त्याचा खर्च बराच वाढतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही. आमच्यासारख्या घराला तो रस्ता नव्हता.

मग बाकीचे? आजी थकलेली. माझ्या बाबांना स्वतःलाच शुगर. मुलांचं नाव काढलं की काका ताट सरकवून उठतात. राहिलो मी. माझा रक्तगटही 'ए', म्हणजे काकीसारखाच निरुपयोगी!

किडनीची अदलाबदल हा शब्द आमच्या घरात आला तो या टप्प्यावर. डॉक्टरांनी कागदावर दोन चौकोन काढून समजावलं. समजा दुसऱ्या एखाद्या घरात अगदी उलटी अडचण आहे. पेशंट 'ए' आणि द्यायला तयार असलेला नातेवाईक 'बी'. मग काकीची किडनी त्यांच्या पेशंटला आणि त्यांची किडनी काकांना. दोन्ही घरं सुटली! घरी येऊन मी हे परत सांगायला लागलो तर काकीने मला मधेच थांबवलं. "म्हंजे साटंलोटंच ना रं, बाला!"

इतकी वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला इतका नेमका शब्द सुचला नसता. एका घरची मुलगी दुसऱ्या घरात आणि त्या घरची मुलगी पहिल्या घरात, हे आपल्याकडचं जुनं साटंलोटं. त्याची एक गंमत म्हणजे दोन्ही लग्नं बहुधा एकाच मांडवात लागायची. का? तर एक लग्न झाल्यावर दुसऱ्या घराने शब्द फिरवू नये म्हणून. किडनीच्या साटंलोट्यातही हेच आहे. कुणाकडून किडनी जबरदस्तीने घेता येत नाही, दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत 'नाही' म्हणायचा हक्क आहे. समजा, सकाळी काकीची किडनी दिली आणि दुपारी समोरच्या घराने विचार बदलला, तर? काका तिथेच राहतील आणि काकीकडे परत द्यायला किडनीही उरणार नाही. म्हणून सगळी ऑपरेशन्स साधारणपणे एकाच वेळी करतात. दोन जोड्या म्हणजे चार ऑपरेशन्स, चार थिएटर, चार टीम. तीन जोड्या म्हणजे सहा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कॉम्प्युटरला तो फार त्रास देणार आहे.

ही कल्पना नवी नाही. १९८६ साली फेलिक्स रापापोर्ट या अमेरिकन सर्जनने ती मांडली आणि १९९१ पासून दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली. पण दोन घरं एकमेकांना सापडणार कशी? तोवर हे डॉक्टरांच्या आठवणीवर आणि डायलिसिसच्या वॉर्डातल्या गप्पांवर चालायचं. यात कॉम्प्युटर आणला तो डॉक्टरांनी नव्हे, अर्थशास्त्रज्ञांनी! अल्विन रॉथ, तायफुन सॉन्मेझ आणि उत्कू उन्व्हर या तिघांनी २००४ साली 'किडनी एक्स्चेंज' नावाचा निबंध लिहिला आणि डॉक्टरांबरोबर बसून अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात अदलाबदलीचा कार्यक्रम उभा केला. पैसा मधे न आणता माणसं आणि वस्तू यांची जोडणी कशी लावायची, हा रॉथ यांचा विषय. आपण कॅप राउंडला ऑप्शन फॉर्म भरतो, तोही याच प्रकारचा प्रश्न. त्याचं मूळ गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ साली मांडलं होतं. २०१२ साली रॉथ आणि शॅपली यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपल्या ठिपक्यांकडे येऊ. एक ठिपका म्हणजे एक जोडी, म्हणजेच पेशंट आणि त्याचा दाता. दोन जोड्या एकमेकांना किडनी देऊ शकत असतील तर त्यांच्यामधे एक रेघ. समजा पेण, वडखळ, नागोठणे आणि रोहे अशा चार ठिकाणी एकेक जोडी आहे. (जोड्या काल्पनिक, गावं खरी!) पेण आणि वडखळ जुळतात, वडखळ आणि नागोठणे जुळतात, नागोठणे आणि रोहे जुळतात. बाकी कुणाचं कुणाशी जमत नाही. कुणीतरी घाईने वडखळ आणि नागोठण्याची गाठ मारली, तर पेण आणि रोहे दोघेही एकटे पडतात. दोन पेशंट वाचले, दोन राहिले. पण पेण-वडखळ आणि नागोठणे-रोहे असं लावलं तर चौघेही सुटतात. माणसं तीच, किडन्या त्याच, फरक फक्त जोड्या लावण्याचा. 'पहिलं जमलं ते उरकून टाका' या पद्धतीला आपल्या पुस्तकात 'ग्रीडी' म्हणतात. इथे ग्रीडी उत्तराची किंमत दोन माणसं आहे.

चार ठिपके असतील तर हे डोळ्यांनी दिसतं. तीस जोड्या असतील तर दोन-दोन करून बघायलाच ४३५ शक्यता होतात. शंभर जोड्यांना ४,९५०. सुदैवाने फक्त दोन-दोनच्या अदलाबदलीपुरतं बोलायचं, तर जॅक एडमंड्स या गणितज्ञाने १९६५ साली सर्वांत जास्त जोड्या लावण्याची रीत शोधून ठेवली आहे आणि ती कॉम्प्युटरवर चटकन चालते. मीसुद्धा मिनी प्रोजेक्टला हेच घेतलं. पायथनमध्ये तयार लायब्ररी मिळते. रक्तगट टाकायचे, रेघा काढायच्या, एक फंक्शन बोलवायचं. पंचवीस-तीस ओळींत काम फत्ते!

गुंता सुरू होतो तो तिघांपासून. पहिल्याची किडनी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची पहिल्याला. असे तिकोनी फेरे धरले तर जास्त पेशंट सुटतात, कारण अगदी उलटी जोडी मिळायची गरज राहत नाही. पण शंभर जोड्यांत तपासायचे तिकोनी फेरे होतात ३,२३,४००, आणि त्यातले एकमेकांत न अडकणारे फेरे निवडून जास्तीत जास्त माणसं बसवायची. हा प्रश्न 'एनपी-हार्ड' आहे. ज्यांनी अल्गोरिदमचा पेपर दिलाय त्यांना हा शब्द ऐकूनच घाम फुटेल. गंमत बघा, फेऱ्याच्या लांबीवर काहीच मर्यादा नसती तर प्रश्न पुन्हा सोपा झाला असता. तो अवघड होतो तो 'तीनच्या वर नको' या अटीमुळे. आणि ही अट येते कुठून? तर मघाच्या त्या सहा ऑपरेशन थिएटरांतून! म्हणजे हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली अडचण चालत-चालत थेट गणितात येऊन बसली.

२००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या डेव्हिड अब्राहम, अ‍ॅव्हरिम ब्लम आणि टुओमस सँडहोम यांनी याच्यावर तोड काढली. सगळे फेरे मेमरीत एकदम भरायचेच नाहीत, लागतील तसे काढायचे. त्या रीतीने त्यांनी दहा हजार जोड्यांपर्यंतचे काल्पनिक ग्राफ सोडवून दाखवले. त्यांचं सॉफ्टवेअर पुढे २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वापरलं गेलं.

मला वाटलं, आता राहिलं काय? गणित सुटलंय, प्रोग्रॅम आहे. काकांचं नाव टाकायचं आणि एंटर मारायचं!

प्रोजेक्टच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी आउटपुट शांतपणे बघितलं आणि विचारलं, "छान आहे. डेटा कुठला?" मी म्हटलं, "मॅडम, रँडम." त्या म्हणाल्या, "खरा डेटा कुणाकडे असतो?" त्या एका प्रश्नाच्या मागे मी पुढचं वर्षभर फिरतोय.

खरा डेटा हॉस्पिटलांकडे असतो. प्रत्येक हॉस्पिटलकडे आपापला आणि थोडा-थोडा. दहा हॉस्पिटलांकडे दहा-दहा जोड्या वेगवेगळ्या ठेवल्या, तर प्रत्येक ठिकाणी दोन-दोनच्या शक्यता ४५, म्हणजे एकूण ४५०. त्याच शंभर जोड्या एका यादीत आणल्या तर ४,९५०. एकही नवा दाता न आणता अकरा पट! जगातला सगळ्यात हुशार अल्गोरिदम वेगवेगळ्या फायलींत बंद असलेल्या दोन जोड्यांमधे रेघ ओढू शकत नाही.

आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं मुळीच नाही. मुंबईत डॉ. विश्वनाथ बिल्ला यांच्या पुढाकाराने अपेक्स किडनी फाउंडेशनने वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या अशा अडलेल्या जोड्यांची एकत्र नोंदणी सुरू केली, तिचं नाव 'अ‍ॅस्ट्रा'. जून २०१३ मध्ये मुंबईत पाच जोड्यांची साखळी एकाच दिवशी पार पडली. पाच दाते, पाच पेशंट, दहा ऑपरेशन्स, तीही एकापेक्षा जास्त हॉस्पिटलांत. पेपरांनी तिला 'डॉमिनो' म्हटलं. त्याच वर्षी अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटने जागतिक किडनी दिनाचं निमित्त साधून अदलाबदलीची दहा प्रत्यारोपणं केली. ज्या मुंबईत १९६५ साली केईएममध्ये देशातला किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला होता, ती मुंबई आमच्या पुलापासून काही तासांवर आहे. म्हणजे वाट आहे, फक्त तिच्यावर अजून वर्दळ कमी आहे.

कायदाही वाटेत उभा आहे आणि त्याचं तसं उभं राहणं मला पटतं. एकेकाळी आपल्या देशात किडन्यांचा बाजार होता. गरीब माणसं कर्जापायी किडनी विकायची. म्हणून १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला आणि जवळच्या नातेवाइकांची यादी ठरली. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. त्याच दुरुस्तीने अदलाबदलीला स्पष्ट मान्यता दिली, पण दोन्हीकडचे दाते आपापल्या पेशंटचे जवळचे नातेवाईकच हवेत आणि प्राधिकार समितीची परवानगी हवी, या अटींवर. नव्या तरतुदी २०१४ पासून अमलात आल्या. मी ती यादी तीनदा वाचली. तिच्यात पुतण्या नाही! म्हणजे काकांना मी सरळ देऊ शकत नाही कारण रक्तगट आडवा येतो, आणि अदलाबदलीत काकीच्या जागी उभं राहायला गेलो तर कायद्याचं कलम आडवं येतं. राग आला, खोटं कशाला बोलू? पण मग विचार केला, पुतण्याला दार उघडलं तर उद्या पैसे देऊन उभा केलेला 'पुतण्या'ही त्याच दारातून येईल. साटंलोटं हा शब्द आज आपण संगनमत याच अर्थाने जास्त वापरतो. कायद्याला ती भीती असणारच.

कागद गोळा करणं हा एक वेगळा अध्याय आहे. आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला. काका-काकींचं लग्न झालं तेव्हा दाखला काढायचा असतो हे गावात कुणाला माहीत होतं? एका कागदावर काकीचं नाव माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर स्पेलिंग वेगळं. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर एकाच व्यक्तीच्या तीन रेकॉर्ड्स. ते जुळवायला जेवढ्या फेऱ्या झाल्या तेवढ्यात मी चार प्रोजेक्ट केले असते.

शेवटी नाव नोंदवलं. आठ महिन्यांनी फोन आला. एक जोडी सापडली! नाशिककडचं कुटुंब, मुलगा पेशंट 'ए', आई दाता 'बी'. त्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. काकी मला सारखी विचारत होती, "त्यो पोरगा केवड्याचा हाय रं?" स्वतःची किडनी कुणाच्या पोराला जाणार आहे, त्याचंच तिला जास्त पडलेलं. जणू सून बघायला निघालीय!

मग क्रॉसमॅच झाली. रक्तगट ही फक्त पहिली चाळणी आहे. प्रत्येकाच्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. कधी रक्त चढवलं असेल, आधी प्रत्यारोपण झालं असेल किंवा बाईला बाळंतपण झालं असेल, तर दुसऱ्याच्या खुणांविरुद्धच्या अँटिबॉडी शरीरात तयार होऊन बसलेल्या असू शकतात. म्हणून पेशंटच्या रक्तातला द्रव आणि दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत एकत्र करून बघतात. पेशी मेल्या तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, म्हणजे बेत रद्द. आपल्याकडे 'पॉझिटिव्ह' हा शब्द चांगला, इथे तोच घात करतो. काकांची आणि त्या आईची चाचणी चांगली आली. पण त्या मुलाला आजारपणात बरेचदा रक्त चढवलं गेलं होतं. त्याच्या रक्ताने काकीच्या पेशी मारल्या.

एक बाजू जुळून उपयोग नसतो. रेघ पुसली गेली.

"कॉम्प्युटर तर हो म्हनला होता ना?" काकीने विचारलं. मी तिला सांगितलं, "काकी, कॉम्प्युटर हो म्हणत नाही. तो फक्त म्हणतो, जमण्यासारखं आहे, विचारून बघा." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोराच्या आईला कुनी सांगितलं असंल रं?"

त्यानंतर मला ग्राफ नुसता ठिपक्यांचा दिसत नाही. आपण पुस्तकात ग्राफ काढतो तेव्हा तो कागदावर स्थिर असतो. हा ग्राफ हलतो. पेशंट थांबतो, थांबता-थांबता रक्त चढवावं लागतं, त्यातून अँटिबॉडी वाढतात आणि त्याच्या ठिपक्याच्या एकेक रेघा गळत जातात. कधी दात्यालाच बीपी निघतं. कधी ठिपकाच नाहीसा होतो, आणि तो का नाहीसा झाला हे यादीत एका शब्दात लिहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट, आपल्यासारख्यांनी विचार करण्याजोगी. प्रोग्रॅमला 'जास्तीत जास्त पेशंट' असं सांगितलं की तो तेवढंच करतो. पण अशा याद्यांत 'ओ' गटाचे पेशंट साठत जातात. कारण सोपं आहे. 'ओ' दाता आपल्या माणसाला बहुधा सरळच देऊ शकतो, तो यादीत येतोच कशाला? आणि 'ओ' पेशंटला तर फक्त 'ओ'चीच किडनी चालते. नुसता आकडा वाढवायचा तर प्रोग्रॅम या अवघड लोकांना पुन्हापुन्हा मागे ठेवील, आणि त्यात त्याची चूक नाही! मग त्यांना जास्त गुण द्यायचे का? दोन वर्षं थांबलेल्याला दोन महिने थांबलेल्यापेक्षा किती जास्त? लहान मुलांना किती? हे आकडे कोडमध्ये एका ओळीत लिहिले जातात, पण ते ठरवणं कोडिंग नव्हे. ते ठरवायला डॉक्टर हवेत, पेशंट हवेत आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगणारा इंजिनिअरही हवा.

'ए' आणि 'बी'च्या बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. युरोप-अमेरिकेत 'बी' गट कमी आढळतो, आपल्याकडे तो भरपूर. त्यामुळे 'ए' आणि 'बी' अशा अडलेल्या जोड्या आपल्या देशात दोन्ही बाजूंनी पुष्कळ असणार. म्हणजे काकांना लागणारं घर कुठेतरी नक्की आहे. साताऱ्यात असेल, जळगावात असेल, कदाचित खाडीपलीकडे पोयनाडलाच असेल! त्या घरातही अशीच एखादी बाई 'माझी घ्या' म्हणाली असेल, तिलाही 'रक्तगट जुळत नाही' असं सांगून परत पाठवलं असेल आणि विषय तिथेच संपला असेल. तिला हे साटंलोटं कुणी सांगितलंच नसेल तर तिचा ठिपका फळ्यावर येणार कसा?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या 'नोट्टो' या संस्थेने सगळ्या राज्यांना पत्र लिहून देशभर एकसारखा अदलाबदलीचा कार्यक्रम राबवायला सांगितलं आहे. ते मनासारखं झालं तर आमच्या यादीतले तीस-चाळीस ठिपके उद्या हजारांत जातील. त्या दिवशी अब्राहम आणि मंडळींचं गणित खऱ्या अर्थाने कामाला लागेल.

तोवर आपण काय करायचं? मित्रहो, फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधत असाल तर एक सुचवतो. नवा अल्गोरिदम नका लिहू, ते हुशार लोकांनी करून ठेवलंय. पेशंटच्या घरच्यांना समजेल असा मराठी फॉर्म करा. तीन स्पेलिंगची एक काकी ओळखणारा प्रोग्रॅम करा. दोन हॉस्पिटलांच्या दोन तऱ्हेच्या एक्सेल शीट नावं उघड न करता एकत्र आणणारं काहीतरी करा. याला बक्षीस मिळेलच असं नाही, पण एखादी रेघ वाढेल.

आणि ज्यांना कोडिंग येत नाही (आपल्या वर्गात तेही बरेच आहेत!), त्यांनी एवढंच करावं. तुमच्या गावात, वाडीत, चाळीत कुणी डायलिसिसला जात असेल आणि घरचा दाता 'जुळत नाही' म्हणून परत आला असेल, तर त्यांना सांगा की गोष्ट तिथे संपत नाही, अदलाबदलीची नोंदणी असते, डॉक्टरांना विचारा. काकीने आता हे काम स्वतःच अंगावर घेतलंय. काकांचे चार तास मशीनवर जातात तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक बाईला रक्तगट विचारते. गेल्या महिन्यात तिने रोह्याकडच्या एका जोडीला नोंदणी करायला लावली. त्यांचे गट आमच्या कामाचे नाहीत, हे तिला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. "आपल्या नाय तर दुसऱ्या कुनाच्या कामाला येतील," म्हणाली आणि त्यांना लागणाऱ्या कागदांची यादी माझ्याकडून लिहून घेऊन गेली.

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर